नमनाच्या ओव्या

लूकच्या शुभवर्तमानात एक लहानशी गोष्ट आहे. दोन माणसे प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. त्यांतला एक परूशी. शास्त्र जाणणारा, आठवड्यातून दोनदा उपास करणारा, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाच्या पदरी घालणारा. दुसरा जकातदार, रोमन सरकारसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणारा, आणि म्हणून चारचौघांत तोंड दाखवायला जागा नसलेला. पहिला ताठ उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल? तर आपण इतरांसारखे नाही, त्या पलीकडच्या जकातदारासारखे तर मुळीच नाही, याबद्दल! दुसरा लांबच उभा राहतो. वर पाहण्याचा त्याला धीर होत नाही. ऊर बडवीत तो फक्त दया मागतो. देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा, असे येशू सांगतो आणि गोष्ट संपते.

गोष्ट मुलांनाही समजेल अशी आहे. पण तिच्यात मोठ्यांसाठी एक फास आहे. ती ऐकून जो मनातल्या मनात म्हणतो, 'बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही', तो त्याच क्षणी परूशी झालेला असतो! नम्रतेचे हे असेच आहे. दानशूराला आपण दान केले हे ठाऊक असते, धीटाला आपण भ्यालो नाही हे कळते. पण आपण नम्र आहोत हे ज्याला कळले त्याची नम्रता तेवढ्यापुरती तरी गेलीच. मग इतिहास वाचताना ती ओळखावी कशी? माझ्या मते त्याला एकच खूण आहे. माणूस प्रार्थनेत काय बोलला हे पाहू नये. देवाच्या दाराशी येताना त्याने हातातले काय खाली ठेवले ते पाहावे. कोणी अधिकार ठेवतो, कोणी विद्वत्ता, कोणी सोवळे. या खुणेने आपल्याच मराठी मुलखातल्या ख्रिस्ती जीवनाची चारशे वर्षे चाळली, तर फार गोड आणि थोडी कडू अशी हकीकत हाती लागते.

आपल्याकडे ग्रंथ आरंभताना नमन करण्याची चाल आहे. ज्ञानेश्वरांपासून पोथी लिहिणाऱ्या गावच्या बुवापर्यंत कोणीही एकदम विषयाला हात घालीत नाही. आधी वाकायचे, मग बोलायचे. मराठीत येशूचे चरित्र सांगणारे दोन मोठे ओवीबद्ध ग्रंथ आहेत. एक 'ख्रिस्तपुराण', इ. स. १६१६ साली गोव्यात छापले गेलेले. दुसरे 'ख्रिस्तायन', १९३८ साली प्रसिद्ध झालेले. पहिले लिहिले एका इंग्रज पाद्रीने. दुसरे सुरू केले एका विद्वान कवीने, आणि शेवटास नेले ज्या बाईने, तिने शाळेची पायरीही चढलेली नव्हती. या दोन ग्रंथांच्या मधल्या सव्वातीनशे वर्षांत मराठी ख्रिस्ती माणूस देवापुढे वाकायला कसा शिकला, हीच आपली आजची कथा.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातल्या विल्टशायर परगण्याचे. जन्म १५४९च्या सुमाराचा. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथाच्या माणसाला दिवस कठीण होते. हे रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात बसून ऑक्टोबरात गोव्यास उतरले. त्या सहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले होते. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी साष्टी प्रांतात काढली, आणि १६१९ साली त्यांचा देह या भूमीतच पडला.

पण ते ज्या गोव्यात उतरले तो गोवा कसा होता, हे डोळ्यांआड करून चालणार नाही. १५६० साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसले होते. साष्टीतली देवळे १५६७च्या सुमारास पाडली व जाळली गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी उचलून पोर्तुगिजांच्या हद्दीपलीकडे अंत्रुज महालात नेली. आजची मंगेशी आणि कवळे ही त्या पळापळीची स्मारके आहेत. जुन्या पोथ्यांवरही गदा आली. स्टीफन्स आल्याला चार वर्षे होतात न होतात तोच, १५८३च्या जुलैत, कुंकळ्ळीच्या संतापलेल्या गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. त्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. त्यानंतर पोर्तुगिजांनी सूड घेतला. कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावले, आणि ते बोलावणे त्यांच्या प्राणांवर बेतले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. तलवारीच्या धाकाने गुडघे टेकवता येतात. त्याला नमन म्हणता येत नाही. गुडघा वाकवणारा आणि ज्याचा गुडघा वाकला तो, या दोघांपैकी देवापुढे कोण वाकले? कोणीच नाही. पहिला तर स्वतःच देवाच्या जागी उभा राहिलेला असतो. येशूने अखेरच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, असे योहानाने लिहून ठेवले आहे. त्याच येशूच्या नावाने माणसांना धाकाने वाकवावे, यापरते त्या पाय धुण्याचे विस्मरण दुसरे कोणते?

स्टीफन्स या सत्तेच्या छायेतच राहत होते. ही गोष्ट त्यांच्या बाजूने कितीही बोलले तरी पुसली जायची नाही. तथापि सत्तेला जे कधी सुचत नाही ते त्यांना सुचले. सत्ता आपल्या भाषेत हुकूम सोडते. हे शिष्य होऊन मराठी आणि कोकणी शिकायला बसले. या देशातल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्याशी जुळते, असे त्यांनी १५८३ साली भावाला कळवले होते. जिथे अनेक गोऱ्या माणसांना रानटी बोली ऐकू येत होती, तिथे या माणसाला भाषांचे कूळ दिसले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक तक्रार होती. आमची जुनी पुराणे गेली. मग वाचावे काय, ऐकावे काय? मागणी किती साधी आहे पाहा. त्यांना वादविवादाचे ग्रंथ नको होते. सणासुदीच्या दिवशी चार माणसे जमावीत, एकाने ओवी म्हणावी, बाकीच्यांनी मान डोलवावी, एवढे त्यांना हवे होते. स्टीफन्स यांनी ते दिले. मराठीत, सामान्यांना कळावे म्हणून सोप्या बोलीचे शब्द मिसळून त्यांनी १०,९६२ ओव्यांचे पुराण रचले. पहिल्या भागाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे त्याचे ९५ 'अवस्वर', म्हणजे अध्याय आहेत. रायतूर, ज्याला राशोल म्हणतात, तेथे ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. आरंभ रीतीप्रमाणे नमनाने. स्वर्गाला नाव आपले ओळखीचे वैकुंठ. मराठीच्या थोरवीच्या त्यांच्या ओव्या तर मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराला ठाऊक असतात.

विल्टशायरचा हा माणूस ओवीच्या साडेतीन चरणांत बसण्यासाठी किती आखडला असेल! लॅटिनचे भारदस्त गद्य बाजूला ठेवून त्याने गावच्या पुराणिकाची बैठक पत्करली. आपला देव दुसऱ्यांना सांगायचा तर आधी त्यांच्या बोलीपुढे वाकावे लागते, हे त्याने कृतीने दाखवले. त्याच्या मागून आलेल्या राज्यकर्त्यांना मात्र हे पटले नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराण तरीही मेले नाही. हस्तलिखित प्रतींतून ते जगले. गोव्याहून दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांबरोबर ते कानडी मुलखात पोहोचले. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापून काढले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती दिली. देवनागरीतली एक जुनी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात आहे. फर्मान काढणाऱ्यांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत, ओव्या आहेत.

आदर दाखवण्याची रीत देशागणिक बदलते, ही गोष्ट पाद्री लोकांना उमजायला फार काळ लागला. युरोपातला पुरुष चर्चमध्ये शिरताना टोपी काढतो. बूट मात्र पायांतच ठेवतो. आपल्याकडे नेमके उलटे. मोठ्यांसमोर बोडक्याने जाणे हा जुन्या काळी अनादर होता, आणि पायताणासह देवापुढे जाणे हा तर अपराध. बायबलात दोन्ही सापडते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना पुरुषाने उघड्या मस्तकाने प्रार्थना करावी असे सांगितले आहे. पण जळत्या झुडपातून मोशेला हाक आली तेव्हा त्याला पहिली आज्ञा झाली ती जोडे काढण्याची. कारण तो उभा होता ती भूमी पवित्र होती. आपल्या खेड्यातला ख्रिस्ती शेतकरी दाराशी वहाणा काढून सतरंजीवर मांडी घालतो, तेव्हा त्याला मोशेची आठवण असतेच असे नाही. पण तो मोशेच्याच वाटेने आत आलेला असतो.

रीत आपली असली म्हणजे आदर मनातून येतो. उसनी असली की ती कवायत होते. हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत पंडिता रमाबाई येतात. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या, जन्म १८५८चा. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी हिंडत ही मुलगी कलकत्त्यास पोहोचली, आणि १८७८ साली तेथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात, वाँटेज येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवापुढे वाकल्या, पण तेथल्या साहेबांपुढे वाकल्या नाहीत! इंग्लंडच्या थंडीतही त्या शाकाहारीच राहिल्या. मठातल्या भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे पाहून त्यांनी विचारले, की आमच्या संस्कृतापेक्षा लॅटिन अधिक पवित्र आहे की काय? ज्यांच्याकडे त्या शिकत होत्या त्या भगिनींना हा गर्व वाटला. नम्रता म्हणजे वरिष्ठांचे ऐकणे, अशी त्यांची समजूत. रमाबाईंचे म्हणणे असे, की देवाने दिलेली बुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे याला नम्रता म्हणत नाहीत. दोघींचा पत्रव्यवहार छापलेला आहे. तो वाचताना मला नेहमी वाटते, की विनय आणि मिंधेपणा यांतला फरक इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडला असेल.

मग या मानी बाईची नम्रता दिसली कोठे? दिसली ती केडगावला. १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढणाऱ्या रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी बायामुलींना केडगावच्या आपल्या जागेत आसरा दिला, आणि 'मुक्ती'चा पसारा वाढत गेला. त्या बायांना मराठी बायबल वाचायला दिले तर समजेना. त्यातले पंडिती शब्द त्यांच्या डोक्यावरून जात. तेव्हा भागवताचे हजारो श्लोक ज्यांच्या मुखी होते त्या पंडितेने वयाच्या उतारावर हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि सगळे बायबल पुन्हा मराठीत उतरवायला घेतले. कोणासाठी? तर अक्षरओळख नुकती झालेल्या खेडवळ बाईसाठी. मुक्तीतल्या बायांनीच त्याची जुळणी आणि छपाई केली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्या भाषांतराची भाषा ओबडधोबड आहे, असे जाणकार म्हणतात. असेल. ज्या हाताला अलंकार सहज साधत होते त्याने ते जाणूनबुजून उतरवून ठेवले, हे विसरून मात्र तिला तोलू नये.

आता 'ख्रिस्तायना'कडे वळू. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरीकडचे. संस्कृतात मुरलेले, शीघ्रकवी, आणि तितकेच शीघ्रकोपी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या मराठी प्रार्थनामंदिरांत इंग्रजी चालींवर बसवलेली गीते गायली जात. तुकारामाच्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला त्या चाली कशा रुचाव्यात? टिळकांनी अभंग आणि भजने लिहिली. ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली म्हटले. पेटीच्या जोडीला टाळ आणि मृदंग आले, आणि ज्यांना आजवर देवापुढे अवघडून उभे राहावे लागत होते त्यांना बसून डोलता येऊ लागले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांच्या कामाचे ठिकाण. मिशनमध्ये मान होता, वेतन होते. १९१७ साली ते सारे सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसमाज मांडू लागले. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, येशूला मानणारा कोणीही त्यात यावा, अशी ती कल्पना होती. दरबार मोठा, दरबारी मूठभर! ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. 'ख्रिस्तायन' त्यांनी १९०९ साली आरंभले होते. अकरा अध्याय होऊन ते तसेच पडले.

ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. या बाईंची ओळख मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही. 'स्मृतिचित्रे' घरोघरी आहे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पाचएक वर्षे दोघे वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तरी बाईंचे सोवळे, वेगळी चूल आणि वेगळे पाणी चालूच होते. टिळकांनी त्यांना वाकवण्याचा हट्ट धरला नाही, हे टिळकांच्या तापट स्वभावाकडे पाहता मोठे नवल. बाईंना कोणी शास्त्रार्थ सांगितला नाही, धाक घातला नाही. विचार करता करता त्या स्वतःच या निर्णयाला आल्या, की माणसामाणसांतला हा उच्चनीच भेद देवाने केलेला नाही. मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. क्रम ध्यानात घ्या: आधी शेजारच्या माणसापुढचे सोवळे खाली ठेवले, मग देवापुढे मस्तक वाकले. ज्याच्याविषयी भावाच्या मनात अढी आहे त्याने अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले आहे. बाईंनी ते वाचून केले की आपसूक केले, कोण जाणे!

टिळकांनी बायकोला शिकवायला घेतले होते, पण मास्तराचा धीर सुटे आणि पाटी बाजूला पडे. धडपडत शिकलेल्या या बाईने नवऱ्याच्या अकरा अध्यायांपुढे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या. मुलगा देवदत्त याने शेवटचा एक अध्याय लिहून ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध केला. विद्वानाच्या ओव्यांना जोडून आपल्या ओव्या ठेवायला माणसाला एक प्रकारचे धैर्य लागते. 'माझे काही लिहिण्याजोगे नाही' असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते, आणि लोकांनी त्याला विनयही म्हटले असते. पण जे थोडे आपल्यापाशी आहे ते लाजून लपवणे हा नम्रतेचाच वेष घेतलेला अहंकार असतो. दोन दमड्या पेटीत टाकणाऱ्या विधवेने त्या मोजून दाखवल्या नाहीत आणि लपवल्याही नाहीत. टाकल्या आणि चालू लागली.

या साऱ्यांत आपल्या भाषेनेही वाटा उचलला आहे. मराठी घरातली जुनी रीत आठवा. वडिलांना 'अहो', आजोबांना 'अहो', मास्तरांना, मामलेदारांना 'अहो'. 'तू' म्हणायचे ते दोघांनाच: आईला आणि देवाला. येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवताना देवाला 'बाप' म्हणायला सांगितले. ती प्रार्थना मराठीत आली तेव्हा बापाला 'अहो' म्हणणारे आपले लोक या स्वर्गातल्या बापाला 'तू' म्हणू लागले. येथे धाक आणि जवळीक यांची गाठ पडते. साहेबापुढे उभे राहणारा माणूस वाकतो तो दुरून. आईच्या पायांवर डोके ठेवणारा वाकतो तो अगदी जवळ येऊन. टिळकांना ख्रिस्तात माउली दिसली ती उगीच नव्हे. वाकणे तेच, पण त्यात भीती उरत नाही.

नमनाची ओवी पोथीत एकदाच येते, आरंभी. जगण्यात मात्र ती पुन्हापुन्हा म्हणावी लागते. स्टीफन्स यांना दर नव्या शब्दापाशी, रमाबाईंना दर वाक्यातला अवघड शब्द खोडताना, लक्ष्मीबाईंना शेजारणीने पुढे केलेला तांब्या हातात घेताना. या दिवाळीत दारात रांगोळी काढून झाली, पणत्या लावून झाल्या, की दारापाशी काढून ठेवलेल्या पादत्राणांच्या ढिगाकडे एकदा पाहा. पाहुणा कोणत्याही धर्माचा असो, थोर असो की लहान, त्याला उंबरा ओलांडताना खाली वाकावेच लागते. बंद सोडण्यासाठी का होईना!